मोठा टर्बो सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर कधीच नाही

प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरचं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेलं) पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ताकद, अशी स्पोर्ट्स कार. वॉरंटीचे सात महिने आणि कर्जाचे चौदा हप्ते शिल्लक. यंदाचा बोनस हातात आलाय. गाडी रोजच्या वापरात, शिवाय वर्षाला चार-पाच ट्रॅक डे, म्हणजे रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस. वाचकाचा बेत: आधी मोठा टर्बो आणि एक्झॉस्ट, मग रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं), मग इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), पैसे उरले तर टायर. ट्यूनिंग करणाऱ्या गॅरेजनं हे सगळं एकत्र, हप्त्यावर करून द्यायची तयारी दाखवलीय. 'क्रम बरोबर आहे का? आणि विकताना यातलं किती वसूल होईल?'

नमस्कार,

तुमच्या यादीत माझी नजर आधी गेली ती शेवटच्या ओळीवर. 'पैसे उरले तर टायर.' ही ओळ उचलून सगळ्यात वर ठेवा, म्हणजे निम्मं काम झालं. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना आत्ताच आतलं चाक फिरत असणार. त्यात आणखी ताकद ओतली तर ती रबर जाळण्यात जाईल.

खर्चाचा क्रम लावताना मी एकच कसोटी लावतो. उद्या नोकरी गेली, घरात आजारपण निघालं, हौस फिटली आणि तुम्ही याच पायरीवर थांबलात, तर गाडी पूर्ण आणि धड असेल का? तुमच्या बेतात पहिल्या पायरीनंतर गाडी लंगडीच राहते. मोठा टर्बो बसला, पण त्याला लागणारं इंधन, थंडावा आणि क्लच नाही. अशी गाडी धड चालवता येत नाही आणि विकताही येत नाही. मग 'एवढं केलंय तर' म्हणत पुढचा पैसा जातोच.

पॅकेजला नाही म्हणा. गाडीवर एक कर्ज चालू असताना तिच्याच सुट्या भागांसाठी दुसरं काढायचं, आणि ते भाग बसवल्या दिवशीच अर्ध्या किमतीचे व्हायचे! बोनसमध्ये जेवढं बसतं तेवढंच करायचं. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवलीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तर हा विषय पुढे चालवतोय.

वॉरंटी संपेपर्यंत इंजिनाला हात लावू नका. रीमॅप परत मूळचा करून टाकला की कळत नाही, असं सांगणारे भेटतील. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, प्रोग्राम किती वेळा बदलला याची नोंद राहते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती दिसते. सात महिन्यांच्या अधीरतेपायी कंपनीच्या खर्चानं मिळू शकणारं इंजिन कशाला गमवायचं? विमा कंपनीलाही प्रत्येक बदल लेखी कळवा. प्रीमियम वाढेल, वाढू दे. न कळवलेल्या बदलावर क्लेम नाकारला गेला, तर ती रक्कम कुठल्याही टर्बोपेक्षा मोठी असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान बहुतेक साध्या पॉलिसीत धरतच नाहीत, तेही तपासून घ्या.

या सात महिन्यांत टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल एवढं करा. ब्रेक ऑइलवर खर्च इतका कमी आहे की कुणी त्याबद्दल बोलत नाही. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तसं जुनं झालं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत पेडल स्पंजासारखं खाली जातं ते हे ऑइल उकळल्यामुळेच. थोडे पैसे शिकवणाऱ्या ड्रायव्हरबरोबरच्या एका दिवसावर घाला. फेरीची वेळ सगळ्यात स्वस्तात तिथे कमी होते, आणि गाडी विकली तरी ते तुमच्याकडेच राहतं.

वॉरंटी संपली की आधी तपासणी. कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) कुठून गळतोय का, प्लगची अवस्था. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बनही बघायला सांगा. आजारी इंजिनावर रीमॅप म्हणजे ताप असलेल्या माणसाला पळायला लावणं.

मग इंटरकूलर आणि क्लच. दोन्ही रीमॅपच्या आधी. इथे माझं आणि तुमच्या गॅरेजचं जमणार नाही, कारण रीमॅप आधी केला की गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढचं आपोआप घेतं.

इंटरकूलरचं कारण सोपं आहे. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटण्याला, आमंत्रण देते. ईसीयू मग इंजिन वाचवायला स्पार्क उशिरा देतो आणि पैसे मोजून घेतलेली ताकद परत काढून घेतो. रस्त्यावर मूळचा इंटरकूलर पुरतो, ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत तापून बसतो. चांगला इंटरकूलर पुढे काहीही केलंत तरी उपयोगी पडतो, म्हणून तो एकदाच आणि शेवटच्या उद्दिष्टाच्या मापाचा घ्यायचा. आज लहान आणि दोन वर्षांनी मोठा, यात पहिल्याचे पैसे बुडीत.

क्लचचं मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या टर्बो हॅचबॅकला मी आधी रीमॅप केला. तीन आठवडे स्वर्गात होतो. मग एके दिवशी चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा सरसर वर गेला आणि वेग तिथेच. क्लच घसरत होता. काही सेकंदांत करपलेला वास आत आला. रीमॅपमुळे टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो तो नेमका मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना), आणि मूळच्या क्लचला तिथेच तो पेलवत नाही. रीमॅप करणाऱ्यानं क्लचबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. लोकांना जोखमीचे प्रश्न विचारायला लावणं हा माझा धंदा असूनसुद्धा! गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी क्लचच्या जवळपास गेली, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) तेव्हाच बदललं नाही म्हणून वर्षभरात तीच मजुरी पुन्हा भरली.

तेव्हा गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा. क्लच, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलची अवस्था, हे सगळं त्याच दिवशी. मजुरी वाचवणं हीसुद्धा बचतच आहे.

आता रीमॅप. खर्चाच्या मानानं टर्बो गाडीत याइतकी ताकद दुसरं काही देत नाही, हे खरंच आहे. दोन गोष्टी लेखी घ्या: पुढे एखादा भाग बदलला तर नव्यानं ट्यून करायचे किती पडतील, आणि खालच्या आरपीएमला टॉर्क आवरून धरलाय का. रीमॅपच्या पायऱ्यांना लावतात त्या 'स्टेज १', 'स्टेज २' या शब्दांना ठरलेलं माप नाही. प्रत्येक गॅरेजचं वेगळं. कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर किती बूस्ट, हे विचारा.

इथे थांबा असं माझं मत आहे. मोठ्या टर्बोची किंमत ही त्या बिलाची फक्त पहिली ओळ असते. खाली इंधन पंप, इंजेक्टर, आणखी दणकट क्लच, नवा ट्यून, आणि पुढे गेलात तर पिस्टन-कनेक्टिंग रॉडसुद्धा. वर मोठा टर्बाइन उशिरा फिरायला लागतो, म्हणजे रोजच्या रहदारीत गाडी आत्तापेक्षा सुस्त वाटेल. टर्बोला लागणारा जोडखर्च माणूस विसरतो, हे जुनंच आहे. १९६२ साली ऑल्ड्समोबिल या अमेरिकन कंपनीच्या जेटफायर गाडीला १०.२५:१ एवढ्या चढ्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं त्या प्रमाणावर) टर्बो दिला होता. नॉकिंग टाळायला डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जाई. टाकी संपली की बूस्ट कमी. पुष्कळ मालकांनी ती टाकी भरलीच नाही.

पैशांची वाटणी साधारण अशी करा. बोनसचे शंभर भाग धरले तर पंचवीस आत्ता टायर-ब्रेक-प्रशिक्षणावर, चाळीस सात महिन्यांनंतर तपासणी, इंटरकूलर, क्लच आणि रीमॅपवर. पस्तीस भाग इंजिनात बिघाड झाला तर म्हणून बाजूला, हात लावायचा नाही. चाळिसात हे सगळं बसलं नाही तर रीमॅप पुढच्या बोनसवर ढकला, पण राखीव पस्तीस फोडू नका. कॉइलओव्हरही त्यानंतरच, आणि व्हील अलाइनमेंटचा खर्च धरून.

एक्झॉस्टचं म्हणाल, तर मागचा अर्धा भाग बदलून मुख्यतः आवाज मिळतो. आवाज हवा असेल तर खुशाल घ्या, मात्र हिशेबात तो 'हौस' या रकान्यात लिहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि प्रदूषण चाचणीत गाडी अडकते.

आणि वसुली. बदललेल्या गाडीला सहसा त्या बदलांचे पैसे मिळत नाहीत, उलट घेणारा बिचकतो. सुटे विकले तर इंटरकूलर, कॉइलओव्हर, एक्झॉस्ट यांचे थोडेफार येतात. रीमॅप आणि मजुरीचे शून्य धरा. म्हणून मूळचा प्रत्येक भाग काढल्या दिवशी पुसून, नट-बोल्ट पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. माझ्या हॅचबॅकचा मूळचा इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) मी गॅरेजमध्येच सोडून आलो होतो. गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्यानं पहिला प्रश्न तोच केला.