‘दबलेलं’ लिहू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचा, तुझ्या प्लॉटमधल्या झाडांच्या मोजमापांचा तक्ता काल रात्री जेवणं झाल्यावर घेऊन बसलो. तक्ता आधी वाचला, ती सवय आता जायची नाही. डग्लस फरच्या ओळींत भरघोस आकडे, हेमलॉकचे बरे, आणि सिडारच्या प्रत्येक ओळीत शेवटच्या रकान्यात एकच शब्द: दबलेलं, म्हणजे वरच्या झाडांखाली वाढ खुंटलेलं. पानभर तेच. पत्राच्या शेवटी तू विचारतेस, "काका, विरळणीत हे सगळे काढायला सांगतायत. मला पटत नाही, पण पटत नाही एवढ्यावर झाडं ठेवा असं कसं लिहू?"

एवढ्यावर लिहूच नकोस. पण आधी मला सांग, खोडातली वर्षाला एक पडणारी वलयं किती झाडांची मोजलीस?

उंची मोजलीस, छातीच्या उंचीवर घेर मोजलास, पर्णसंभाराचा विस्तार मोजलास. वलयांचा रकानाच नाही. मग ‘दबलेलं’ हा शब्द आला कुठून? वरच्या फरकडे मान वर करून पाहिलंस, खाली सिडारकडे पाहिलंस आणि शब्द लिहून टाकलास. उंचीवरून झाड जोखू नकोस. आधी वलयं मोज.

मी चिडून बोलतोय असं तुला वाटेल. चिडलोच आहे, पण बराचसा स्वतःवर. १९८९ साली कॅनडातल्या याच व्हँकुव्हर बेटावर, तुझ्या प्लॉटसारख्याच दुसऱ्या पिढीच्या जंगलात, विरळणीच्या खुणा मी केल्या होत्या. वर फर, खाली मनगटाएवढे सिडार. ते यंत्राच्या वाटेत येत होते, म्हणून निळ्या रंगाचा फवारा मारत गेलो. दुपारी डबा खायला बसलो तर शेजारी नुकताच कापलेला एक खुंट. चाकूने त्याचा एक पट्टा तासला, बोटाने ओला केला आणि खिशातलं भिंग लावलं. मधली आठ-दहा वलयं सुटी दिसली. पुढे ती इतकी दाट, की दोन रेषांमध्ये सुईचं टोक मावेना. दोनदा मोजली. ४१. आजूबाजूचे फर ४३ वर्षांचे होते.

म्हणजे मी ज्याला रोपटं समजत होतो ते त्या फरचं पाठचं भावंड होतं. तीसेक वर्षं अंधारात राहून त्याने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. तेव्हाच उठून काम थांबवायला हवं होतं. मी डबा बंद केला आणि आणखी तीन दिवस खुणा करत राहिलो. वरून हुकूम होता, हे खरं. फवारा माझ्या हातात होता, हेही खरं.

सात वर्षांनी त्याच उतारावर गेलो तेव्हा फरना मूळकूज लागली होती. धडधाकट दिसणारं झाड मुळं बुंध्यालगत तुटून आडवं झालेलं. कुजलेलं लाकूड हातात घेतलं तर वलया-वलयावर सुटत होतं, जुन्या वहीची पानं सुटावीत तसं. ही बुरशी मुळाला मूळ लागून पसरते आणि खुंटात कित्येक वर्षं जिवंत राहते. त्या जागी पुन्हा फर लावलास तर पुन्हा तोच मरतो. सिडार या बुरशीला दाद देत नाही. त्या भगदाडांमध्ये उभं राहायला जे तयार होते ते मीच कापून टाकले होते. तिथे आता सलालची कमरेएवढी झुडपं आहेत.

म्हणून सांगतो, वलयं मोज.

सिडारची चाल फरपेक्षा वेगळी आहे. फरला ऊन लागतं, सावलीत तो टिकत नाही. सिडार सावलीत थांबतो, नुसता तग धरून नव्हे, तर जमिनीशी काम करत. ओल्या जागी त्याची खालची फांदी मातीला टेकली की तिथेच मूळ धरते. मोगऱ्याचं दाबकलम आठव, तेच, फक्त माळ्याशिवाय. त्याच्या गळलेल्या पानांत कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे खालची माती हेमलॉकखालच्या मातीएवढी आंबट होत नाही. फर आणि हेमलॉक यांच्या मुळांवर ज्या प्रकारची बुरशी सोबतीला असते, त्याहून वेगळ्याच प्रकारची सिडारची असते. तुझ्या रकान्यात यातलं काही बसत नाही आणि त्यात तुझा दोषही नाही, तक्ता फरसाठीच बनवलेला आहे.

त्याची पानं चुरगाळून पाहिलीस का? अननसासारखा वास येतो. शाळेत आपण पुस्तकात विद्येचं पान ठेवायचो ना, अंगणातल्या मोरपंखीचं? त्याच कुळातलं हे झाड. नावात सिडार असलं तरी खरा सिडार आपला देवदार. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "मग तू तिकडे विद्येची झाडं मोजतोस होय." मला ते फार आवडलं होतं.

तुझ्या दुसऱ्या शंकेकडे येतो. सिडार तपकिरी पडतोय असं लिहिलंस, पण कुठे तपकिरी पडतोय ते लिहिलं नाहीस! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आतल्या बाजूच्या जुन्या डहाळ्या लालसर होऊन गळतात, टोकं हिरवीच राहतात. ते दरवर्षीचं आहे. शेंडा विरळ होत वरून वाळत येत असेल तर ती शेंडेमर, आणि ती खरोखरच वाढली आहे. वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आपल्या बेटाचा दक्षिण भाग, सगळीकडे दुष्काळी उन्हाळ्यांनंतर दिसते. दोन्ही गोष्टी एका शब्दात कोंबू नकोस. आणि बुटक्या रोपांचे शेंडे बघ. हरणांनी खुडलेले असतील तर तू झाडाची वाढ मोजली नाहीस, हरणाची भूक मोजलीस. हैदा ग्वाय बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरणं आणून सोडली. तिथे त्यांना खाणारे लांडगे नाहीत की प्यूमा नाहीत, आणि आज तिथे कुंपणाशिवाय सिडारचं रोप वर येणं कठीण झालंय.

आता तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. १९९८ मध्ये एका विरळणीत मी हट्टाने सिडार ठेवायला लावले. फार वाद झाला, त्यानंतर बढतीच्या यादीत माझं नाव कधी आलं नाही. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत, इथल्याच प्रांतातल्या लिटन गावी ४९.६ अंश झाले तेव्हा, त्यातले बरेच वरून वाळले. "तुमचे सिडार गेले" असं मला फोन करून सांगण्यात आलं. मी जाऊन प्रत्येक झाडापाशी उभा राहिलो. वाळले ते कड्यावरचे, वीतभर मातीखाली खडक असलेले. ओढ्याकाठचे आणि उताराच्या पायथ्याचे हिरवे होते, आजही आहेत. कड्यावरचे ठेवायला नको होते, हे मान्य. त्या दिवसांत मला सिडार दिसला की ठेवावासा वाटायचा, जागा पाहायचं भान राहिलं नाही. पण म्हणून पायथ्याचेही काढायला हवे होते असं कुणी म्हणत असेल तर मी ऐकून घेणार नाही. एकदा उंचीवरून सगळे काढले, आता कड्यावरच्या मेलेल्यांवरून सगळे काढा म्हणतात. वलयं दुसऱ्या कुणीच मोजली नव्हती. १९९८ लाही नाही, २०२१ लाही नाही. मी मोजली होती, वह्या माझ्याकडे आहेत, हव्या तर बघ.

पॅसिफिक रिमच्या राष्ट्रीय उद्यानात चीव्हॅट नावाचा तो अजस्र सिडार आहे, घेर १८ मीटरहून जास्त. त्याच्या पहिल्या चाळीस वर्षांत तुझ्यासारखं कुणी फीत घेऊन गेलं असतं तर काय लिहिलं असतं?

तर या आठवड्यात एवढं कर. गिरमिट घेऊन जा आणि निदान वीस सिडारच्या बुंध्यातून, जमिनीच्या जितकं जवळ जमेल तितकं, कांड्या, म्हणजे लाकडाचे पेन्सिलीसारखे बारीक नमुने, काढ. शेजारच्या फरच्याही काढ. पावसाळी दिवस असेल तर कांड्या कागदी नळीत ठेव, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. घरी लाकडी खाचेत चिकटवून बारीक पॉलिश कागदाने घास. शेवटच्या पाच वलयांची रुंदी वेगळी लिही. ती आधीच्या पाचांपेक्षा रुंद असतील तर झाड वर यायला निघालं आहे, आणि नेमकं अशाच वेळी ते कापायचं ठरतंय. जागाही लिही: कडा, उतार, पायथा, ओढा. शिफारस करताना सगळी सावली एकदम काढायला सांगू नकोस. अंधारात वाढलेली पानं उघड्या उन्हात करपतात. दोन टप्प्यांत काढा असं लिही. आणि अगदीच मोकळं सोडलंस तर खोड खाली फुगून वर निमुळतं होतं, फळ्या निघत नाहीत, मग गिरणीवाले म्हणतील सिडारच वाईट.

तुझे वरिष्ठ वाईट माणूस नाहीत. त्यांना ऑक्टोबरच्या आत यादी द्यायची आहे. त्यांच्यासमोर ‘मला वाटतं’ नेऊ नकोस, कांड्या ने.

भिंग नसेल तर विकत घेऊ नकोस, माझं जुनं आहे, दहापट मोठं दाखवणारं. रविवारी घेऊन जा. येताना दोन-तीन कांड्या आण, घासू नकोस, पहिली आपण इथे मिळून घासू.

तुझा,
काका