शाहीर हा शब्द खोड

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

इटलीच्या कांताउतोरींवरचा, म्हणजे तिथल्या गीतकार-गायकांवरचा, तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीत तू कांताउतोरींना 'इटलीचे शाहीर' करून टाकलंस, ते आधी खोड. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. कांताउतोरे स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, गातोही स्वतःच, आणि समोरचे श्रोते आपलेच असतील याची त्याला खात्री नसते. १९७६ साली मिलानच्या पालालिदो सभागृहात डाव्या तरुणांनी फ्रांचेस्को दे ग्रेगोरी या कांताउतोरेला मंचावर उभं करून जाब विचारला: गाण्यातून कमावतोस किती, आणि ते कामगारांना का देत नाहीस? गंमत म्हणजे तोही डावाच.

तुझा सगळा भर कोण कशाविरुद्ध होता यावर. ते कुणीही लिहील. (कांताउतोरे लुईजी तेन्कोच्या १९६७च्या आत्महत्येवर दोन परिच्छेद कशाला? एक वाक्य पुरे.) तू मला कांताउतोरेनं गाणं करताना बदललेला एक शब्द दाखव.

कांताउतोरे फाब्रित्सिओ दे आंद्रेची १९७१ची तबकडी घे. अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्सच्या 'स्पून रिव्हर' या संग्रहातल्या नऊ कविता, बहुतेक थडग्यातून बोलणाऱ्या माणसांच्या. फेर्नांदा पिवानोचं इटालियन भाषांतर १९४३चं, मुसोलिनीच्या राजवटीतलं. मूळ पुस्तक तिच्या हाती दिलं लेखक चेझारे पावेझेनं. दे आंद्रेनं ते भाषांतर जसंच्या तसं गायलं नाही, ज्युझेप्पे बेंतिवोल्योला घेऊन नव्यानं लिहिलं. मास्टर्सच्या कवितेतल्या जोन्स या वादकाकडे शेवटी मोडकं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, उरतं. गाण्यात उरते मोडकी बासरी! इटालियनमध्ये 'व्हिओलिनो' चार अक्षरांचं, 'फ्लाउतो' दोनच. माझ्या मते व्हायोलिन चालीपुढे हरलं. टेबलावर बोटानं ठेका धर आणि दोन्ही म्हणून बघ. बाकीच्यांची नावंही शीर्षकांतून गेली, 'एक वेडा', 'एक न्यायाधीश' एवढंच राहिलं. नाव टिकलं ते एकट्या जोन्सचं. का, यावर पानभर लिही.

दे आंद्रेची 'क्रेऊझा दे मा' (१९८४) ही तबकडी इटालियन समजून ऐकू नकोस. ती जेनोव्हाची बोली, मिलानच्या माणसालाही अर्थ विचारावा लागतो. क्रेऊझा म्हणजे दोन भिंतींमधून समुद्राकडे उतरणारी फरसबंद गल्ली. त्या शीर्षकाचं तू 'सागरपथ' केलंयस. एखाद्या बंदराच्या उद्घाटनाच्या पाटीवर शोभेल. आपल्या कोकणात घरांच्या गडग्यांमधून उतरणाऱ्या दगडी वाटेला पाखाडी म्हणतात. ती घालून ओळ पुन्हा लिही आणि पाठव.

तुझा,
सर