ख्रिस्तवासी म्हणजे नेमकं कुठं राहायला गेले?

एका वाचकांचा प्रश्न: "परिचयातल्या एका ख्रिस्ती गृहस्थांचं निधन झालं. श्रद्धांजलीच्या मजकुरात नावाआधी 'कै.' लिहावं की 'ख्रिस्तवासी'? शेवटी दोन्हींचा अर्थ 'स्वर्गवासी' असाच ना? ते आयुष्यभर देवाच्या सानिध्यात राहिले, म्हणून शब्द चुकू नये असं वाटतं."

'कै.' लिहू नका. कै. म्हणजे कैलासवासी, आणि कैलास शंकराचा. जन्मभर येशूची वाट पाहिलेल्या माणसाला मेल्यावर परस्पर कैलासावर धाडण्याचा अधिकार मजकूर लिहिणाऱ्याला नाही. यावर एक ठरलेलं उत्तर येतं: कै. म्हणजे 'कैवल्यवासी', त्यामुळे तो कुणालाही चालतो. ही पळवाट ज्यांनी शोधली त्यांनी 'कैवल्य' हा शब्द उघडून पाहिलेला दिसत नाही. केवल म्हणजे एकटा. कैवल्य म्हणजे ते एकटेपण, पुरुषाचं (आत्म्याचं) प्रकृतीपासून (जड सृष्टीपासून) पुरतं सुटं होणं. सांख्य तत्त्वज्ञांच्या लेखी यापरतं दुसरं काही मिळवायचं नसतं. ख्रिस्ती माणसाची ओढ नेमकी उलट्या दिशेची आहे. त्याला सुटं व्हायचं नाही, कुणाच्या तरी जवळ जायचं आहे. म्हणजे कैलासवासी म्हणणं ही नुसती चूक, आणि कैवल्यवासी म्हणणं हा त्याच्या श्रद्धेचा उलटा अर्थ.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) स्वर्गाला बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हटलं आहे. तेव्हा 'वै.' (वैकुंठवासी) लावायचाच कुणी हट्ट धरला तर त्याला चारशे वर्षांचा ख्रिस्ती आधार निघेल. कै.ला तोही नाही.

आता 'ख्रिस्तवासी'. हा शब्द कैलासवासी, वैकुंठवासी यांच्या साच्यातून पडला आहे हे उघड आहे. त्याच साच्यातून वर्तमानपत्रांनी 'पैगंबरवासी'ही पाडला, आणि तो मला दर वेळी खटकतो. पैगंबरांमध्ये जाऊन राहण्याची कल्पना इस्लाममध्ये नाहीच. तिथं मृत्यूनंतर परतायचं असतं ते अल्लाहकडे. व्याकरण जाणणारे काही जण हाच आक्षेप ख्रिस्तवासीवरही घेतात. वासी हे स्थळाला लागतं, नगरवासी, वनवासी; माणसात कुणी वास करतो का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बायबलच्या नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं एकदा वाचावीत. 'ख्रिस्तामध्ये' हा पौलाचा पानोपानी येणारा प्रयोग आहे. ग्रीकमध्ये 'एन ख्रिस्तो', अर्थानं सरळ सप्तमी. साचा कुणीही घडवला असो, आणि माझा संशय असा की घडवणाऱ्यानं फार विचार केला नव्हता, पण शब्द पौलाच्या मापाचा निघाला.

मात्र त्याच मापानं तो मृतांपुरता उरत नाही. पौलाच्या हिशेबात माणूस ख्रिस्तामध्ये येतो तो जिवंतपणीच. कलस्सैकरांना त्यानं लिहिलं की तुमचं जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे, आणि ते पत्र वाचणारे सगळे धडधाकट होते. तर्कानं चालायचं तर हयात भाविकालाही ख्रिस्तवासी म्हणता येईल. करून पाहू नका, घरचे लोक धावून येतील.

खरी मजा 'वासी'मध्ये आहे. वास म्हणजे राहणं, हे सांगायला कुणाची गरज नाही, आणि नाकाला येणारा वास इथं सोडून देऊ. मूळ धातू वस्. त्याच्या जुन्या वापरात रात्र दडलेली आहे: कुठंतरी रात्र काढणं, मुक्काम करणं. मराठीनं ही छटा अजून सोडलेली नाही. 'पाहुणे वस्तीला आले' म्हणजे रात्रीपुरते आले. वस्तीची गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. पर्युषित म्हणजे रात्र उलटून शिळं झालेलं, आणि आपला 'पारोसा' त्याच घरातला. या धातूला उपसर्ग लागले की काय काय होतं ते पाहण्यासारखं आहे. स्वर्गाच्या ओढीबद्दल ख्रिस्ती लोकांना जे म्हणायचं असतं ते जवळजवळ सगळं या एका धातूवर सांगता येतं, असं माझं लाडकं मत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटच्या परिच्छेदाकडे जावं.

'प्रवास' घ्या. आज त्याचा अर्थ जाणं-येणं, तिकीट, सामान. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. चालण्यापेक्षा दूर असण्यावर भर. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात मराठी बायबल वाचकांना 'प्रवासी व परदेशवासी' म्हणतं, तिथं हा जुना अर्थ घेतला तरच वाक्य उभं राहतं. पेत्र त्यांना सहलीला निघालेले म्हणत नाही. परक्या मुलखात दिवस काढणारे म्हणतो. 'हे जग म्हणजे एक प्रवास' असं प्रवचनात ऐकलं की म्हणूनच मला चीड येते. जग म्हणजे प्रवास खराच, पण रस्ता या अर्थानं नव्हे, वनवास या अर्थानं.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक जोडी वापरली आहे: 'एन्देमेइन' आणि 'एक्देमेइन'. आपल्या लोकांत, आपल्या मुलखात असणं, आणि त्याबाहेर असणं. शरीरात आहोत तोवर प्रभूपासून बाहेर, शरीराबाहेर झालो की प्रभूपाशी घरी. संस्कृतात याला निवास आणि प्रवास अशी जोडी आयती बसते, धातू तोच, उपसर्ग तेवढा बदललेला. त्याच ठिकाणी पौल स्वर्गातलं घर 'पांघरण्याची' भाषा करतो, आणि भाष्यकार त्याच्यावर रूपकांची खिचडी केल्याचा आरोप ठेवतात: घर कुणी अंगात घालतं का? संस्कृतात वस् राहणं आणि वस् नेसणं, ज्यातून वस्त्र आलं, हे दोन्ही आहेत. धातू वेगळे आहेत, मला ठाऊक आहे, कृपया कळवू नये. पण कानाला ते एकच ऐकू येतात, आणि पौल संस्कृतात लिहिता तर त्याच्यावर कुणी आरोप ठेवला नसता.

आता मुख्य मुद्दा, उपवास. एक व्युत्पत्ती सध्या सगळीकडे फिरते: "उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं, उपवास म्हणजे देवाजवळ राहणं, पोटाशी त्याचा संबंध नाही." हिंदू प्रवचनकार ती सांगतात, ख्रिस्ती प्रार्थनासभांतही ती तशीच उचलली जाते, आणि सांगणाऱ्याचा चेहरा प्रत्येक वेळी असा की आपल्यालाच नुकतं गवसलं. उपसर्ग बरोबर आहे, धातू बरोबर आहे, फक्त कर्ता चुकला आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक यज्ञग्रंथाच्या अगदी सुरुवातीला याचा खुलासा आहे. यजमान उद्या यज्ञ करणार म्हणून आज व्रत घेतो. देवांना माणसाचं मन कळतं, ते ओळखतात की हा उद्या आपल्याला हवि, म्हणजे आहुती, देणार. म्हणून सगळे देव आदल्या रात्रीच त्याच्या घरी येतात आणि त्याच्याजवळ वस्ती करतात, उप-वसन्ति. म्हणून त्या दिवसाचं नाव उपवसथ. बौद्धांचा उपोसथ तोच. आणि पोटाशी संबंध आहेच: घरात आलेल्या माणसांच्या आधी जेवणं अनुचित, मग देवांच्या आधी जेवणं किती अनुचित! पाहुण्यांची पानं वाढलेली नाहीत, म्हणून यजमान थांबलेला. (याज्ञवल्क्यांनी लगेच वाटही काढून दिली आहे: ज्याचा हवि होत नाही ते रानातलं खावं, ते खाऊन न खाल्ल्यासारखं. उपवासाचे वेगळे पदार्थ ही कल्पना तेवढी जुनी आहे.)

म्हणजे उपवासात माणूस देवाजवळ जात नाही. देव माणसाकडे वस्तीला येतो.

हे ध्यानात ठेवून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचा. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिष्य येशूला विचारतात, आम्ही उपास करतो, तुमचे शिष्य का करत नाहीत? येशू म्हणतो, वर सोबत आहे तोवर वऱ्हाड्यांनी शोक कसा करावा? पण वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल असे दिवस येतील, 'तेव्हा ते उपास करतील'. शतपथातला यजमान जेवत नाही कारण पाहुणा आला आहे. इथले वऱ्हाडी जेवणार नाहीत कारण पाहुणा गेला आहे. एकच कृती, कारणं समोरासमोर.

आणि आता तो शब्द, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. वस् धातूचं भूतकाळी रूप उषित. उप अधिक उषित, उपोषित: उपास केलेला, आपलं उपोषण इथलंच. प्र अधिक उषित, प्रोषित: दूर गेलेला. साहित्यशास्त्रात नायिकांच्या आठ प्रकारांत एक प्रोषितभर्तृका आहे, जिचा नवरा परगावी आहे ती. ती केस विंचरत नाही, दागिने घालत नाही, दाराकडे डोळे लावून बसते. मत्तयातलं ते वाक्य संस्कृतात दोन शब्दांत मावतं: वर प्रोषित, वऱ्हाडी उपोषित. एकच धातू, एक उपसर्ग दूर नेतो, दुसरा जवळ आणतो, आणि दोन्हींच्या मधे जे उरतं ती ख्रिस्ती उत्कंठा. नव्या करारात मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हटलं आहे, आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आत्मा आणि वधू मिळून 'ये' म्हणतात. ही प्रोषितभर्तृकाच. कोणत्याही भाष्यात हे मला आढळलेलं नाही, आणि भाष्यकारांना ग्रीक येतं पण नाट्यशास्त्र लिहिणारे भरतमुनी वाचायची सवय नसते, त्याला कोण काय करणार.

उत्कंठा शब्द आलाच आहे तर: उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. मान उंच करून वाट पाहणं. रोमकरांच्या पत्रात सृष्टी ज्या आतुरतेनं वाट पाहते तिच्यासाठी पौलाचा शब्द आहे 'आपोकारादोकिआ', आणि त्यातला 'कारा' म्हणजे डोकं. डोकं पुढं काढून टेहळणं. मराठी भाषांतरात तिथं उत्कंठा आली आहे, आणि यापेक्षा नेमका शब्द मिळाला नसता. सामन्याच्या शेवटच्या षटकासाठी तो खर्च होतो याचं वाईट वाटतं, एवढंच.

स्वर्गातल्या जागेविषयीही थोडं भांडायचं आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो, 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत'. ग्रीक शब्द 'मोने'. लॅटिनमध्ये त्याचं 'मान्सिओ' झालं, इंग्रजीत मॅन्शन, आणि तेव्हापासून भाविकांच्या कल्पनेत स्वर्गात प्रत्येकाच्या नावानं वाडा उभा आहे. लॅटिन मान्सिओ म्हणजे वाडा नव्हे. रोमन रस्त्यांवरच्या मुक्कामाच्या ठाण्यांनाही हाच शब्द होता. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं या जागा म्हणजे आत्म्याच्या चढत्या वाटेवरचे टप्पे मानले. मला तेही पटत नाही. मोने ज्या क्रियापदापासून आला ते 'मेनो', म्हणजे टिकून राहणं. पुढच्याच अध्यायात द्राक्षवेलाच्या दाखल्यात 'माझ्यामध्ये राहा' म्हणताना तेच क्रियापद आहे. राहा म्हणजे टप्पा गाठा आणि पुढं निघा, असा अर्थ तिथं कोण लावेल?

पण वाडा आणि टप्पा असा वाद घालणारे दोघंही एक गोष्ट विसरतात. मोने हे नाम संपूर्ण नव्या करारात दोनदाच आलं आहे, दोन्ही वेळा योहानाच्या या चौदाव्या अध्यायात. दुसऱ्या वेळी, तेविसाव्या ओवीत, येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे मी आणि पिता येऊ आणि 'त्याच्याबरोबर वस्ती करू'. आधी माणसाचा मुक्काम देवाच्या घरी, मग देवाचा मुक्काम माणसाच्या घरी, आणि शब्द एकच. मराठीत एकदा 'राहण्याच्या जागा' आणि एकदा 'वस्ती' असं झाल्यानं ही गाठ सुटली. दोन्हीकडे वस्ती ठेवली असती तर मी भाषांतरकारांना दंडवत घातला असता. तरी त्यांचे उपकार आहेत: शब्द देही झाला आणि 'आमच्यामध्ये वस्ती केली' इथंही त्यांनी हाच शब्द वापरला, जिथं ग्रीकमध्ये तंबू ठोकणं आहे.

ओवी नव्हे, वचन म्हणायला हवं, स्टीफन्सचा परिणाम.

म्हणूनच 'स्वर्गवासी' मला ख्रिस्ती मृतासाठी थोडा अपुरा वाटतो. चूक नाही, पण प्रकटीकरणात शेवटी माणसं वर जाऊन राहत नाहीत. नगरी स्वर्गातून खाली उतरते, आणि वाणी सांगते की देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे, तो त्यांच्याबरोबर वस्ती करील. पुन्हा वस्ती, पुन्हा देवच येणारा.

तर मूळ प्रश्न. 'ख्रिस्तवासी' लिहा, पूर्ण लिहा. 'ख्रि.' असा संक्षेप करू नका, तो सनासारखा दिसतो. कुटुंबाला शब्द जड वाटत असेल तर 'दिवंगत' लिहा, तो कुणाच्याही धर्माला धक्का लावत नाही. आणि सानिध्य नव्हे, सान्निध्य. सन्निधी, त्यावरून सान्निध्य, दोन न. छापायला देण्याआधी तेवढं दुरुस्त करून घ्या.