रात्री साखर लो झाली तर कोण बघणार?

प्रश्न : माझी आई 81 वर्षांची आहे. पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका वृद्धाश्रमात राहते. तिला रात्रीच्या जेवणाआधी 30/70 इन्सुलिन (30 टक्के जलद आणि 70 टक्के संथ इन्सुलिनचं मिश्रण) देतात. उपाशीपोटीची साखर 160-170 येत होती, म्हणून आम्ही टोरांटोहून व्यवस्थापकांना सांगून भात, बटाटा, गोड सगळं बंद करायला लावलं आणि डोसही वाढवून घेतला. आता आकडे चांगले येतात, पण आई सकाळी चिडचिड करते, बोलताना गोंधळते. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का?

उत्तर : असेलही, पण त्याआधी पहाटेची साखर तपासून घ्या. तुमचं पत्र वाचून मला पहिली शंका तीच आली.

काळजीपोटीच केलंत तुम्ही हे, पण उपाशीपोटी साखर 110 च्या आसपासच हवी हा आग्रह चाळिशीतल्या माणसाला ठीक. ऐंशीच्या पुढच्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाची उपाशीपोटीची साखर 100 ते 180 मध्ये राहिली तरी डॉक्टरांना चालते. चार-पाच आजार सोबत असतील तर एचबीएवनसीही (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8 पर्यंत चालवून घेतात. थोडी चढी साखर तिला एका रात्रीत इजा करत नाही. 70 च्या खाली गेलेली साखर मात्र करते. तोल जातो, माणूस बाथरूमच्या वाटेवर पडतो, खुब्याचं हाड मोडतं. आणि म्हाताऱ्या माणसाला दर वेळी दरदरून घाम सुटेल असंही नाही. नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं, सुस्ती. बघणाऱ्याला वाटतं, वय झालं.

आता आश्रमाचं घड्याळ बघा. सात-साडेसातला जेवण, सकाळी आठ-साडेआठला नाश्ता. मध्ये बारा-तेरा तास पोटात काही नाही. कवळी टोचते म्हणून आईने अर्धीच पोळी खाल्ली, भात तर आपणच बंद केलेला, पण इन्सुलिन मात्र पूर्ण गेलं. 30/70 मधल्या संथ इन्सुलिनचा जोर मध्यरात्रीनंतर चढतो. म्हणून दोन-तीन रात्री तीनच्या सुमारास बोट टोचून साखर बघायला सांगा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. डोस तेच ठरवतील, आपण फोनवरून ठरवायचा नाही. वरण-भात मात्र परत सुरू करायला सांगा. वृद्धाश्रमातल्या मधुमेहींना कडक पथ्य घालू नये, असंच आता तज्ज्ञ सांगतात. त्याने माणूस कमी जेवतो आणि खंगतो.

व्यवस्थापकांशी बोलाल तेव्हा ‘साखर कंट्रोलमध्ये आहे ना?’ एवढंच विचारू नका. रात्री ड्यूटीवर कोण असतं? त्या मावशींना ग्लुकोमीटर वापरता येतो का? आईच्या पलंगाजवळ मोठ्या मराठी अक्षरात एक कागद लावून घ्या : साखर 70 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, नंतर काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. खाली तुमचा नंबर. पुण्यात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा टोरांटोत संध्याकाळ असते, तुम्ही जागेच असता. त्या फोनला तुम्ही उत्तर देऊ शकता, आणि हा आधार छोटा नाही.

आणखी एक गोष्ट, परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. तिकडून इन्सुलिन किंवा सिरिंज आणू नका. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलीलिटरला 40 युनिटच्याही मिळतात आणि 100 च्याही. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. कॅनडातली बाटली 100 ची. ती लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरली तर अंगात दहा नाही, पंचवीस युनिट जातात. पुण्यातलं इन्सुलिन, त्याला जुळणारी पुण्यातलीच सिरिंज, नाहीतर सरळ इन्सुलिनचं पेन. मोजमापातही असाच गोंधळ होतो. कॅनडात साखर mmol/L मध्ये मोजतात, इथे mg/dL मध्ये; म्हणून तुमच्याकडच्या 6 ला इथे 108 म्हणतात. अठराने गुणायचं.

आई संकष्टी करत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाला. मावशींनी नेहमीप्रमाणे सातला इन्सुलिन दिलं आणि आई चंद्राची वाट बघत उपाशी बसली, तर साखर धाडकन उतरणार. उपास सोड म्हणून तिच्याशी भांडू नका. त्या दिवशीचा डोस आणि त्याची वेळ डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या आणि तो कागद आश्रमात देऊन ठेवा.

पावलं रोज बघतात का, बोटांच्या बेचक्यांसकट, हेही विचारा. डोळे आणि किडनीची तपासणी वर्षातून एकदा. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं, आणि आधी चालणारा डोसही मग जड होतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारा) रिपोर्टही सोबत द्यायला सांगा.