वाचकांचे प्रश्न : नळाच्या पाळीचा आदला दिवस

प्रश्न : आमच्या गावात दर दहा दिवसांनी नळाला पाणी येते. पावसाळा सरता सरता एकाच गल्लीत डेंग्यूचे चार रुग्ण निघाले. ग्रामपंचायतीने दोनदा धूरफवारणी केली, तरीही ताप हटला नाही. आरोग्यसेवक म्हणतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा आणि सगळी भांडी रिकामी करा. भांडी रिकामी केली तर पुढे आठ दिवस प्यायचे काय?
– एक ग्रामपंचायत सदस्य, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : आपली अडचण खरी आहे. ज्या जिल्ह्याने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तेथील माणसाला हौद उपडा करा असे सांगणे सोपे नाही. सुदैवाने पाणी फेकण्याची गरजही नाही.

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, गटारात नव्हे तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, रांजणाच्या किंवा हौदाच्या ओलसर भिंतीला चिकटवते. खसखशीहून बारीक असे हे काळे ठिपके कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढून ते बुडाले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणजे ज्या दिवशी नळ येतो आणि आपण हौद काठोकाठ भरतो, नेमक्या त्याच दिवशी भिंतीवरची अंडी फुटू लागतात. तेथून डास उडायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि आपल्याकडे पाण्याची पाळीही तेवढ्याच दिवसांनी येते.

म्हणून माझे मत असे, की कोरडा दिवस कॅलेंडरच्या वाराप्रमाणे न ठरवता नळाच्या पाळीच्या आदल्या दिवशी पाळावा. त्या दिवशी पाणी तळाला गेलेले असते. उरलेले पाणी दुपदरी सुती कापडातून घागरीत गाळून घ्यावे आणि आतली भिंत काथ्याने वरपासून खालपर्यंत खरखरून घासावी; नुसते विसळल्याने अंडी सुटत नाहीत. घासलेले पाणी आणि गाळलेल्या अळ्या मोरीत न टाकता उन्हातल्या कोरड्या मातीवर टाकाव्यात. मधल्या काळात, पाचव्या-सहाव्या दिवशी, एकदा पाणी गाळले तर पाळी दोन-तीन दिवस लांबली तरी धोका राहत नाही. रांजणाच्या तोंडाला कापड घट्ट बांधावे. वर नुसती परात ठेवली तर कडेला राहिलेली बोटभर फट डासाला पुरते.

ज्यांना हे पटत नाही, त्यांना रांजणात विजेरीचा झोत टाकून दाखवा. वर लटकलेल्या अळ्या सावली पडताच वळवळत तळाला जातात, आणि क्षणभर थांबलात तर श्वासासाठी पुन्हा वर येतात. मी अनेक घरांत हे दाखवले आहे. त्यानंतर काथ्या शोधायला सांगावे लागले नाही.

धूरफवारणीने उडते डासच मरतात, अळ्या आणि अंडी तशीच राहतात. शिवाय हा डास खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे दडलेला असतो, आणि धुराची गाडी आली की आपण दारे लावून घेतो! साथ असताना फवारणी जरूर करावी, पण तिच्यावर विसंबू नये. गुरांचे हौद आणि वापराच्या विहिरी यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. जी टाकी रिकामीच करता येत नाही, तिच्यात आरोग्यसेवकाकडून ठरलेल्या मात्रेत अबेट हे अळ्या मारणारे औषध टाकून घ्यावे. अंदाजाने स्वतः टाकू नये. हा डास दिवसा चावतो आणि सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणून रुग्णाला तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, आणि त्या गल्लीतील एकही घर, विशेषतः कुलूप लावून ऊसतोडीला गेलेल्यांचे, तपासणीतून सुटू देऊ नये.

प्रश्न : आम्ही घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारे बुजवली. डास कमी झाले, पण डेंग्यू झालाच. खर्च वाया गेला का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : मुळीच नाही. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांच्या बळावरच डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. मात्र सांडपाणी जिरवल्याने प्रामुख्याने क्युलेक्स हा डास हटतो. रात्री कानाशी गुणगुणणारा आणि हत्तीपायाचा रोग पसरवणारा डास तो हाच. एडिसला गटाराशी कर्तव्य नसते. आपण अंगण आवरले, आता घराच्या आत आणि छतावर पाहा: कूलरचा तळ, फ्रिजमागचा ट्रे, पाखरांसाठी ठेवलेले भांडे, गच्चीवरचे जुने टायर. कूलर उन्हाळा संपल्यावर पुसून, पूर्ण वाळवूनच माळ्यावर ठेवावा, कारण त्याच्या कडेला चिकटलेली अंडी पुढच्या मोसमातल्या पाण्याची वाट पाहत तशीच राहू शकतात.