सहा वर्षांच्या मुलीला युद्धातून पळून जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगावी का? घाबरेल का?

सांगा की. फक्त बाँबपासून सुरुवात करू नका, मांजरापासून करा.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. माझी पुतणीही सहाचीच. तिला मी कुनकुशची गोष्ट सांगितली. घडलेली आहे ती. कुनकुश हा इराकमधल्या मोसुल शहरातला पांढरा बोका. २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या ताब्यात गेलं. पुढच्या वर्षी एक आई पाच लेकरं घेऊन तिथून निघाली, बोक्यालाही टोपलीत लपवून घेतलं. तुर्कस्तान गाठलं, मग रबरी बोटीतून ग्रीसचं लेस्बोस बेट. तिथं उतरायच्या गडबडीत बोका निसटला. शोध शोध शोधला, शेवटी त्याच्याविनाच पुढं जावं लागलं.

इथं पुतणीचे डोळे भरले. "अगं, सापडतो तो नंतर," असं माझ्या ओठावर आलेलं, पण वहिनीनं डोळ्यानंच गप्प केलं. बरंच केलं म्हणायचं. जरा वेळानं पोरगीच म्हणाली, "मग त्याला खायला कोण दिलं?" (आमच्याकडं असंच बोलतात.) तिला रडू द्यायला आपणच घाबरतो, गोष्ट नाही घाबरवत.

मग उरलेलं भराभर सांगितलं. गावातली मांजरं त्याला जवळ करीनात. निर्वासितांच्या मदतीला आलेल्या स्वयंसेवकांनी त्याला सांभाळलं, दियास नाव ठेवलं, इंटरनेटवर फोटो टाकून घरच्यांचा शोध घेतला. बोका बर्लिनला पोचला आणि घरचे निघाले नॉर्वेत! २०१६ च्या फेब्रुवारीत भेट झाली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर भाकरीची दुरडी रिकामी करून पोरीनं आमच्या मनीला आत कोंबलेलं, वर चादर. मनी कसली थांबतीय, पाच सेकंदांत बाहेर. चार वेळा करून बघितलं. शेवटी हाताला ओरखडा घेऊन माझ्याकडं आली, "काका, तो एवढ्या लांब गप कसा बसला?" मला काही सांगता आलं नाही.

एक मात्र करा, झोपताना सांगू नका, दुपारी सांगा, म्हणजे प्रश्न विचारायला दिवस हाताशी राहतो. जवळ नकाशा ठेवा. घाबरण्याचं म्हणाल, तर त्या रात्री तिनं मनीला खोलीबाहेर सोडलं नाही, एवढंच. चादरीवर केस झाले म्हणून वहिनीची बोलणी मात्र मी खाल्ली.