मोलची गणितं: आधी समीकरण, मग आकडेमोड

मोलच्या गणितांत तुझं उत्तर चुकतं, पण तुझी आकडेमोड बरोबर आहे. गडबड होते ती ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारल्यामुळे. समीकरणातले सहगुणक (सूत्रांआधीचे आकडे) मोल सांगतात, म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक, ग्रॅम नाही. म्हणून दिलेलं वस्तुमान आधी मोलमध्ये बदलायचं (त्या पदार्थाच्या १ मोलच्या वस्तुमानाने भागून), नेहमी.

एक उदाहरण कागदावर करून बघ. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ३ ग्रॅम हायड्रोजन यांची शक्य तितकी अभिक्रिया झाली, तर अमोनिया किती? N₂ + 3H₂ → 2NH₃. नायट्रोजन २८ ÷ २८ = १ मोल, हायड्रोजन ३ ÷ २ = १.५ मोल. (हायड्रोजनला २ ने भागायचं, कारण तो H₂ आहे. इथे बरेच जण १ ने भागतात.) १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो, आपल्याकडे निम्माच आहे. वजनाने नायट्रोजन नऊपटीहून जास्त आहे, पण ‘मर्यादित’ (म्हणजे आधी संपणारा) कोण ते वजनावरून ठरवू नकोस, मोल बघ. हायड्रोजन आधी संपतो, अमोनिया १ मोल म्हणजे १७ ग्रॅम मिळतो आणि १४ ग्रॅम नायट्रोजन उरतो.

आता ताळा: १७ + १४ = ३१, सुरुवातीलाही २८ + ३ = ३१. हा ताळा परीक्षेत अर्ध्या मिनिटात होतो, तो सोडू नकोस. एककं मात्र प्रत्येक ओळीत लिही.